एका ताऱ्याची तीट

गोपिकाबाई रेवतकरनं आजवर कशावरही पहिल्या फटक्यात भरोसा ठेवला नाही. सिलिंडर आलं की आधी दारातच वजनकाट्यावर. टरबूज घेतलं की दुसऱ्या बाजूनंही काप मारून दाखव म्हणणार. डॉक्टरनं गोळी दिली की औषधवाल्याला विचारणार, अन औषधवाल्यानं सांगितलं की पुन्हा डॉक्टरला. स्वतःच्या लग्नातही तिनं तेच केलं. उमरेडकडच्या खेड्यात तिला नागपूरचं स्थळ आलं, मुलाचं कूलरचं दुकान आहे म्हणून घरचे हरखून गेले. हिनं मात्र मामेभावाला एसटीत बसवून पाठवलं, की जाऊन डोळ्यानं पाय बाप्पा, दुकान त्याचं आहे का तो नुसता तिथं बसते. दुकान त्याचंच निघालं. तरी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं दुकानाचं लाइटबिल कोणाच्या नावावर येतं ते पाहून घेतलं.

हुडकेश्वर रोडवर, पिठाच्या गिरणीला लागून, ते दुकान उभं होतं. बळीराम पत्रा वाकवून कूलरची पेटी बनवायचा, मोटर बसवायचा. पेटीच्या बाजूंना लावायच्या वाळ्याच्या ताट्या गोपिकाबाईच्या. जाळीत वाळा सारखा पसरायचा, कुठं गठ्ठा नको, कुठं फट नको, मग सुतळीनं टाचून घ्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. एकदा करून पाहा, बोटं सोलून निघाली की कळेल. आणि तिचा संशय कामी यायचा तो इथंच. काही व्यापारी वापरलेला जुना वाळा वाळवतात, त्यावर वासाचं पाणी शिंपडतात आणि नवा म्हणून गळ्यात मारतात. गोपिकाबाई मूठभर वाळा बादलीत बुडवणार, हुंगणार, ते पाणी फेकून पुन्हा बुडवणार, पुन्हा हुंगणार. खोट्याचा वास पहिल्याच पाण्यात निघून जातो, खऱ्याचा दुसऱ्या पाण्यात खुलतो. तिला दुरून येताना पाहिलं की व्यापारी कपाळाला हात लावायचे.

बळीराम गेला तो ऐन हंगामात, दुकानात बसल्या बसल्या छातीत दुखून. कूलर बनवणं त्याच्यासोबतच संपलं. गोपिकाबाईनं ताट्या आणि दुरुस्ती तेवढी चालू ठेवली, मोटर बांधायलाही शिकली. पण हुडकेश्वर बदलत गेलं. शेतं होती तिथं लेआउट पडले, लेआउटवर फ्लॅट चढले आणि फ्लॅटमध्ये आलेल्या माणसांना रेवतकर कोण हे माहीतच नव्हतं. ते फोनवरून प्लास्टिकचे कूलर मागवायचे, ताटी सडली की तीही फोनवरूनच. गेल्या उन्हाळ्यात तर अख्ख्या मे महिन्यात गोपिकाबाई गिरणीवाल्याशी गप्पा मारत बसली होती. मे महिन्यात! नागपुरात कूलरवालीला मे महिन्यात गप्पा मारायला वेळ मिळतो म्हणजे काय समजायचं?

मुलगा साहिल पुण्यात नोकरीला. त्यानं फोनवर सांगून टाकलं, "आई, हा शेवटचा उन्हाळा. दुकान चाललं तर चाललं, नाही तर शटर ओढायचं आणि इकडे यायचं. तिथं तू एकटी. उद्या कोणी फसवलं म्हणजे?"

"मले फसवणारा अजून जन्माले यायचा आहे," म्हणून तिनं फोन ठेवला.

ठेवला खरा, पण डोक्यातून पुणं जाईना. पुण्यात काय होतं? सातव्या मजल्यावरची खिडकी, सुनेचं चकचकीत स्वयंपाकघर, आणि दिवसभर 'आई, तुम्ही बसा ना'. सून वाईट नव्हती, चांगलीच होती, पण त्या 'बसा'ची गोपिकाबाईला धडकी भरायची. बसलेल्या बाईचं दोन वर्षांत लोणचं होतं, असं तिचं मत होतं.

अशात मयुरा आली. मयुरा बळीरामच्या बहिणीची पोरगी, जरीपटक्यातल्या एका कापडदुकानाचं ऑनलाइन काम पाहायची.

"मामी, तुझं दुकान लोकांले दिसतच नाही."

"दिसत नाही? एवढा मोठा बोर्ड लावला आहे तो काय आंधळ्यायसाठी?"

"बोर्ड रस्त्यावर आहे. लोक आता रस्ता पायत नाहीत, फोन पायतात."

मयुरानं फोनच्या नकाशावर दुकान टाकलं. खरा पत्ता, खरी वेळ, दुकानाचे उजेडात काढलेले फोटो. ते करताना दर थोड्या वेळानं 'मामी, तुझ्या फोनवर आकडा आला असंल, तो सांग' म्हणायची आणि मामी आकडा सांगण्याआधी दहा प्रश्न विचारायची. नोंदीवर मालक म्हणून मयुरानं साहिललाही जोडून घेतलं, म्हणजे पुण्यात बसून त्यालाही दिसावं. मग म्हणाली, "आता सांग, आपलं वेगळं काय आहे? बेस्ट कूलर, स्वस्त कूलर, असं तं सगळेच लिहितात. त्या गलक्यात आपल्याले कोण पुसते? तू जे करते ते दुसरं कोणी करत नाही. तेच दाखवू."

"मी काय करते वं?"

"शक करते."

गोपिकाबाई रागावली, पण तयार झाली. मयुरानं फोन धरला आणि मामीनं बादली घेऊन खरा वाळा, खोटा वाळा ओळखून दाखवला. कॅमेऱ्याकडेही ती अशी पाहत होती, की हाही भिजवून हुंगावा लागेल. शेवटी तिला थांबायचं कळलं नाही, बोलूनच गेली, "अन माह्यावरही भरोसा ठेवू नका. दुकानात या, आपल्या नाकानं हुंगा, पटलं तं घ्या."

बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात ते काही खोटं नाही. तो व्हिडिओ फिरला. फ्लॅटमधल्या बायका आल्या, पार जरीपटक्याकडून स्कूटरवर माणसं आली, आणि बादलीत नाक घालून वाळा हुंगायला लागली. मयुरा दर आठवड्याला एक नवीन टाकायची. मोटर का जळते, टाकीतल्या पाण्याला वास का येतो, कूलर खिडकीला कसा लावायचा. गिरणीवाला गप्पांची वाट पाहत बसला. दुकान चालायला लागलं हो!

आता कोणी दुसरी असती तर पेढे वाटले असते. गोपिकाबाईला नवीनच घोर लागला. नकाशावर लोक दुकानाबद्दल चांगलं लिहायला लागले, वरून पाच-पाच तारे द्यायला लागले. फुकट! ओळख ना पाळख, आणि माणूस दुसऱ्याचं कौतुक करतो? कशासाठी? बाजूच्या लेआउटमध्ये विश्वनाथ मास्तर राहायचे, निवृत्त, अतिशय सज्जन. ते ताटी बदलून घेऊन गेले आणि पाच तारे देऊन बसले. पुढच्या वेळी ते रस्त्यानं दिसले तसं तिनं त्यांना अडवलं.

"मास्तर, तुम्ही तारे दिले म्हणते."

"हो, दिले ना."

"काहून?"

"काम चांगलं झालं म्हणून."

"कामाचे पैसे तं मी घेतले होते. मंग वरून हे कायले?"

मास्तर बिचारे चष्मा पुसत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या घरी गेली आणि कूलर पुन्हा खोलून पाहिला. आपल्या हातून काही राहून गेलं म्हणून तर हा माणूस गोड बोलत नाही ना, हा तिचा संशय. कूलर ठीक होता. मास्तरीणबाईंनी सरबत दिलं, तेही हिनं आधी त्यांना प्यायला लावलं.

मयुरालाही सोडलं नाही. "खरं सांग वं, या लोकांले तू चहापाणी देते का?"

"मामी! लोकांले आवडलं म्हणून लिहितात. तुले काय वाटते, जगात कोणी मनानं चांगलं बोलतच नाही?"

"बोलते. पण एवढे जण एका वेळी नाही बोलत."

मग घोराचं भय झालं. एक मोटर बसवता बसवता जळाली. शिडीवरून पाय घसरून घोटा सुजला. वाळ्याच्या नव्या कोऱ्या गठ्ठ्यात उंदरानं घर केलं. गोपिकाबाईनं तिन्ही गोष्टी मनात ओळीनं मांडल्या आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दृष्ट! दुसरं काय असणार? दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची होती, पण लोक दार पाहतच नव्हते. लोक पाहत होते ते फोनमधलं दुकान, आणि त्याला कुठं काय बांधलं होतं? साहिल लहानपणी इतका गोंडस होता, की गालाला काजळाची तीट लावल्याशिवाय तिनं त्याला कधी उंबऱ्याबाहेर काढलं नाही. इथं एवढं कौतुक, एवढे पिवळेजर्द तारे, आणि त्या गोऱ्या गालावर काळा ठिपका नावाला नाही. दृष्ट लागणार नाही तर काय होईल?

मयुरा त्या आठवड्यात मैत्रिणीच्या लग्नाला उमरेडला गेली होती. असती तरी तिला सांगण्यात अर्थ नव्हता, पोरगी हसून हसून लोळली असती. गोपिकाबाईनं भर दुपार निवडली, रस्त्यावर कुत्रंही नसतं अशी. शटर अर्धं ओढलं, बळीरामचा फोन काढला. त्याचा नंबर गिऱ्हाइकांना पाठ म्हणून तोच फोन ती अजून वापरत होती. मयुराची बोटं कुठं कुठं पडतात हे तिनं आजवर डोळ्यात तेल घालून पाहिलंच होतं. नकाशावरचं दुकान उघडलं. ताऱ्यांच्या ओळीतला पहिलाच तारा दाबला, एकच. मग माइकचं चित्र दाबून ती दुकानाबद्दल वाईट बोलली. लिहून आलेलं वाचलं, बरोबर होतं. पाठवून दिलं, फोन पदराला पुसला, आणि गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला गाढ झोप लागली, बसल्या जागी.

आणि काय सांगावं, तीट लागू पडली! घोटा उतरला. नवीन मोटर पहिल्या फटक्यात फिरली. एक तरुण जोडपं आलं, त्यातली पोरगी म्हणते, "काकू, आम्ही ते एक ताऱ्यावालं वाचून आलो. बाकी सगळं गोड गोड होतं, वाटलं पैसे देऊन लिहवून घेतलं असंल. ते एक वाचलं अन म्हटलं, नाही, हे दुकान खरं आहे." गोपिकाबाईनं मान डोलावली. पोरीला तिटीचं काय कळणार, तिनं आपलं मनातल्या मनात हात जोडले.

रविवारी सकाळी मयुरा उमरेडहून येऊन दुकानात टेकत नाही तोच दारात रिक्षा थांबली आणि साहिल उतरला. न कळवता. तोंड उतरलेलं, डोळे लाल. पुण्यात राहून त्याची भाषा इस्त्री केल्यासारखी झाली होती. आल्या आल्या त्यानं फोन पुढं धरला.

"हे कोणी केलं?"

"काय झालं गा?"

"बाबांच्या नावानं कोणीतरी आपल्या दुकानाला एक तारा दिला आहे. बळीराम रेवतकर, असं नाव आहे वर. फोटोसुद्धा त्यांचाच!" मग तो मयुराकडे वळला. "तुझंच काम आहे हे. सगळं तूच चालवतेस. एखादं वाईट लिहिलेलं असलं की बाकीची स्तुती खरी वाटते, ही युक्ती मला चांगली माहीत आहे. पण त्यासाठी मेलेल्या मामाचं नाव घेतलं तू?"

"साहिलदादा, मी नाही केलं. देवाशपथ, मी आत्ता पायून राहिली."

"मग काय बाबा वरून लिहून राहिले?" रागाच्या भरात इस्त्री मोडली, नागपूर बाहेर आलं.

गोपिकाबाईनं पदर खोचला. कोणीतरी तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन तमाशा केला होता! त्या फोनवरचे आकडे कोण मागत होतं? हीच. मामाचा फोटो कोणाजवळ होता? हिच्याचजवळ. पहिल्या दिवसापासून आपल्याला शंका होती, ती काही उगाच नाही. "मयुरा," ती म्हणाली, "माह्या डोळ्यात पाय अन खरं सांग."

"आई, आधी ऐक काय लिहिलं आहे," साहिल म्हणाला आणि वाचायला लागला. "बाई लय शक्की आहे. देवाचा प्रसादही हुंगून खाते."

गोपिकाबाईनं खोचलेला पदर हळूच सोडला.

ते तिचंच होतं. अर्ध्या शटरमागं माइकात बोललेलं, शब्द न शब्द. फोन बळीरामचा, त्यातलं खातंही त्याचंच, म्हणून नाव अन फोटो त्याचेच गेले होते, अन वरच्या नावाकडे पाहायचं तिला सुचलंच नव्हतं. जगाला दोनदा तपासणारी बाई नेमकी तिथंच चुकली होती.

साहिल पुढं वाचत होता. तो काय वाचतो हे तिला ऐकायची गरज नव्हती. तिच्या डोक्यात भलताच विचार चालला होता. मी केलं म्हणावं, तर साहिल काय म्हणेल? म्हातारी मेलेल्या नवऱ्याच्या नावानं स्वतःच्याच दुकानाला शिव्या लिहिते, हिला एकटीला ठेवायचं कसं? शटर आजच खाली. आणि गप्प राहावं, तर मयुरा होतीच की समोर, सगळा दोष पेलायला. गोपिकाबाई गप्प राहिली. खोटं कशाला सांगा, ती चांगला वेळ गप्प राहिली.

मयुरा तिच्याकडेच पाहत होती. "मामी, तुले तरी वाटते का, मी मामाचं नाव असं वापरीन?" उत्तर आलं नाही तसे तिचे डोळे भरले. तिनं बॅग उचलली, चप्पल शोधायला लागली, आणि डोळ्यातल्या पाण्यानं तिला ती सापडेना.

"ठेव ते बॅग," गोपिकाबाई म्हणाली. "मी केलं."

"काय?"

"मी केलं, साहिल. दुकानाले दृष्ट लागून राहिली होती. म्हणून तीट लावली. फोन तुह्या बाबाचा, मले काय माहीत नाव त्यायचं जाईन?"

"तीट?" साहिलनं हातातला फोन खाली केला. "इंटरनेटला तीट लावली तू?"

"हाव."

"बघ! हेच. हेच म्हणत होतो मी! तुला कळत नाही आपण काय दाबतो, काय बोलतो. आज हे, उद्या कोणाला काय देऊन बसशील? बस झालं आई, कपडे भर. आपण निघू."

"चलते," गोपिकाबाई म्हणाली. "वाद घालत नाही. पण आधी या पोरीची माफी माग. अन मीही मागते. मयुरा, चुकली माय. तुह्यावर शक करायले नको होता मी."

मयुराच्या हातातली बॅग तशीच राहिली. साहिलनं खाली मान घालून 'सॉरी' म्हटलं, पण त्याचं लक्ष फोनकडेच होतं. थोड्या वेळानं त्यानं हळूच विचारलं, "आई, हे शब्द कुठून आणले? हे तुझं बोलणं नाही."

"वाईट बोलायचं म्हटलं तं मले दुसऱ्या कोणाचं काही आठवलंच नाही. लोक तं सगळे गोड बोलतात. मले तोंडावर नावं ठेवणारा एकच माणूस होता. तुहे बाबा जे रोज म्हणत तेच बोलली."

साहिलनं पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्यानं नाही, ओठातल्या ओठात. बाई लय शक्की आहे. देवाचा प्रसादही हुंगून खाते. हिच्याशी वाद घालाल तं पस्तावाल. पण ताटी बांधली तं दोन उन्हाळे हलत नाही, अन हिच्यासारखं माणूस मले पुन्हा भेटत नाही.

"हे शेवटचं काहून टाकलं मामी?" मयुरानं विचारलं. "तुले तं वाईट लिहायचं होतं."

"तुहे मामा रोज तिथंच संपवत. त्यायचं बोलणं मी अर्ध्यावर कशी सोडू?"

साहिल एका उघड्या कूलरच्या पेटीवर बसला. "मीटिंगमध्ये होतो," तो म्हणाला. "टेबलावर फोन वाजला. पाहतो तर बाबांचं नाव, बाबांचा फोटो. लोक समोर बोलत होते, मले काही ऐकूच नाही आलं. एक मिनिट वाटलं, आई, एक मिनिट मले खरंच वाटलं..." आणि एवढा मोठा बाप्या माणूस बाहीनं डोळे पुसायला लागला. गोपिकाबाईनं त्याचं डोकं पोटाशी धरलं. तिचे वाळ्यानं सोललेले हात त्याच्या केसांत अडकत होते.

बऱ्याच वेळानं मयुरानं नाक ओढलं. राग गेला नव्हता, पण धंद्याचं भान तिला होतं. "काढून टाकू का हे?"

"नको," साहिल म्हणाला.

"मंग उत्तर द्यावं लागते. वाईट लिहिणाऱ्याले मालकानं आधी उत्तर द्यायचं असते. नाही दिलं तं लोकांले वाटते, दुकानात कोणी उरलंच नाही." तिनं आपला फोन मामीच्या तोंडाशी धरला, माइक दाबला आणि म्हणाली, "बोल."

गोपिकाबाईनं नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात घेतलं नव्हतं, आताही घेतलं नाही. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, फोनकडे पाहिलं, पहिल्यांदाच कसलीही शंका न घेता, आणि बोलली, "साहिलचे बाबा, तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी काही सुधारली नाही. दुकान चालू आहे."

शब्द फोनवर उमटले. मयुराचा अंगठा पाठवायच्या खुणेवर येऊन थांबला. नोंदीवर दुसरा मालक साहिल होता, तिनं त्याच्याकडे पाहिलं. साहिलनं तिच्या हातून फोन घेतला, शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं आणि स्वतःच्या बोटानं पाठवून दिलं.